पुढचे तेरा, मागचे सदतीस

एका जागी बसायचं म्हटलं की माझ्या अंगाला मुंग्या येतात, आणि जन्म मात्र सगळा बसण्यात गेला. दीड वर्षाची असताना पोलिओनं डावा पाय नेला. मग कुबडी आली, कुबडीनंतर शिलाई मशीन आली, आणि गावानं परस्पर ठरवून टाकलं की हिची सोय झाली. बाया ब्लाउज शिवायला यायच्या आणि म्हणायच्या, "तुमचं बरं हाय बाप्पा, सावलीतलं काम." असं कोणी म्हटलं की हातातली कात्री फेकून मारावीशी वाटायची. मारली नाही कधी. गिऱ्हाईक होतं ना.

बाबा गेले तेव्हा नाल्यापलीकडचं चार एकर माझ्या नावावर करून गेले. सातबाऱ्यावर माझं नाव आहे, पण ते वावर मी लहानपणी बैलबंडीत बसून चार-दोनदा पाहिलं तेवढंच. पुढं थोरला भाऊच ते आपल्या शेताबरोबर वाहत राहिला. कापूस विकून आला की माझा वाटा आधी आणून द्यायचा, तुरीचं पोतं स्वतः खांद्यावर आणून माझ्या दारात ठेवायचा. खोट काढायला जागाच नाही, आणि हीच तर माझी पंचाईत. वाईट भाऊ असता तर मी कधीच भांडून मोकळी झाले असते.

मागच्या वर्षी दादाचा मणका सरकला. पोरं पुसदला शिकायला, वहिनी त्यांच्याजवळ. त्यानं ठरवलं की आपणही पुसदला जायचं आणि सगळी शेती शेजारच्या शेतकऱ्याला ठोक्यानं द्यायची, म्हणजे वर्षाच्या बोलीवर वाहायला द्यायची. आमच्याकडं शेतीचं वर्ष गुढीपाडव्याला पालटतं. सालगडी पाडव्याला लागतो, ठोका पाडव्याला ठरतो. धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, एकदा नारळ फुटला की पुढचा पाडवा येईपर्यंत त्यावर कोणी तोंड उघडत नाही.

"तुहे चार एकरबी त्यातच देऊन टाकतो," दादा म्हणाला. "तुले घरबसल्या भेटन."

घरबसल्या! नेमका हाच शब्द सापडला त्याला.

"माह्यं वावर मीच करीन," मी म्हटलं.

"कशी करशील?"

"माणसं लावून."

"माणसं लावून वावर होते का वं? मालक धुऱ्यावर दिसला नाही त सगळे दुपारपासून झाडाखाली. अन तू जाशील कशी? उडून?"

तो चिडवत नव्हता, खरं तेच बोलत होता. गावापासून वावर तीन किलोमीटर. अर्धी वाट पांदणीची, बैलबंडीच्या चाकोऱ्या पडलेली. मग नाला, नाल्यात घोट्याएवढी रेती, आणि पलीकडं अंगावर येणारी चढण. मागं दोन चाकं लावलेली माझी स्कूटी नाल्याच्या अलीकडं हात टेकते. मी हट्टानं बसून राहिले. शेवटी दादा वैतागून म्हणाला, "बरं. पाडव्यापर्यंत तू आपल्या पायानं..." आणि जीभ चावली. "मंजे आपली आपण, कोनाच्या हाताबिगर वावरात येऊन दाखव. नाही देत मंग तुहं वावर ठोक्यानं."

पाडव्याला दीड महिना होता.

मी फोनवर शोधायला बसले. डोंगराकडं एक माणूस पर्यटकांना चार जाड चाकांच्या एटीव्ही गाड्या फिरवायला द्यायचा. त्याचा धंदा बंद पडत होता, त्यातली एक मी घेतली. तिला पायानं टाकायचे गिअर नाहीत. अंगठ्यानं एक्सलेटर दाबायचा आणि पुढं-मागं जायला एक दांडी. म्हणजे माझ्यासाठीच जणू. पिकअपमधून ती उतरली तेव्हा अर्धं गाव जमा झालं. "हे तं फुगलेलं बेडूक दिसते," कोणीतरी म्हणालं, आणि सगळे खो खो हसले. मीही हसले. दिसत होतीच तशी.

रस्त्यावर ती चालवायला मनाई. म्हणून कॅनॉलच्या कडेनं मुरमाची पट्टी आहे तिथं नेली. अंगठा दाबला आणि काय सांगू! पदर मागं उडाला, डोळ्यांत पाणी आलं, कानात नुसता वारा. आयुष्यात मी कधी पळाले नव्हते. पळणं म्हणजे काय असतं ते वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी मला समजलं. रडले मी, खोटं कशाला सांगू. नंतर आठवडाभर रोज काहीतरी निमित्त काढून कॅनॉलवर जात होते. घरी ब्लाउजांचा ढीग पडला होता. पडू दिला.

मग एके दिवशी नाल्यावर गेले. दादा सोबत यायचं म्हणालाच. उतार बरा गेला, रेतीही निघाली. चढणीच्या मध्यावर इंजिन नुसतं ओरडायला लागलं आणि गाडी जागच्या जागी. अंगठा पार दाबला तरी ढिम्म. मग ती मागं घसरायला लागली. दादानं सरकलेल्या मणक्यानिशी मागून खांदा लावला आणि आम्ही कसेबसे खाली आलो.

"मी होतो म्हणून," तो धापा टाकत म्हणाला.

दिवसभर ते शब्द माझ्या डोक्यात ठणकत होते. रागानं जेवणसुद्धा गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी गाडी पिकअपमध्ये घालून घाटंजीला नेली. तिथं एक म्हातारे मिस्त्री आहेत. भंगारातल्या मोटरसायकलींचे डवरे करून देण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नाही. जुन्या मोटरसायकलीला मागं डवऱ्याची पास, म्हणजे आडवं पातं, बांधायची आणि पिकाच्या ओळींमधून तण काढत न्यायचं, बैलाचं काम. आसपासच्या तालुक्यांतले लोक त्यांच्याकडं येतात. त्यांनी माझ्या गाडीभोवती एक चक्कर मारली, खाली वाकून साखळी पाहिली आणि म्हणाले, "ताई, हे पळाले बनवली हाय, ओढाले नाही."

"मग ओढायला लावा."

त्यांनी एक सायकल उलटी केली आणि हातानं पायडल फिरवून दाखवलं. इंजिनाकडचं लहान दातेरी चक्र आणि मागच्या आसावरचं मोठं, दोघांमध्ये साखळी. घाटंजीत सगळे अशा चक्राला सॉकेट म्हणतात, मीही तेच म्हणते. माझ्या गाडीला पुढं सतरा दात आणि मागं सदतीस. पुढचं लहान केलं की ओढ वाढते, मागचं मोठं केलं तरी ओढ वाढते. आणि ओढ वाढली की पळ तेवढी कमी होते, यातून कोणाची सुटका नाही.

"बोला, ओढ पायजे का पळ?"

"दोन्ही."

ते हसले. "दोन्ही कोनाले भेटलं, ताई?"

"तुमच्याजवळ नसेल तर सांगा, यवतमाळला नेते."

"यवतमाळले न्या, नागपूरले न्या. सतरा दात तिथंबी सतराच राह्यतीन."

मग त्यांनी विचारलं, "तुमले जायचं कुठं हाय, ते सांगा." इतका साधा प्रश्न. वावरात जायचं होतं, त्यासाठीच हा सगळा खटाटोप. पण कॅनॉलवरचा वारा कानातून जात नव्हता. चार एकर तर चार एकर, पण मला पळायचंही होतं. त्या स्टुलावर बसून मी स्वतःवरच चिडले. दादाशी भांडले कशासाठी, वावरासाठी की फिरण्यासाठी?

"वावरात," मी शेवटी म्हटलं. आणि माझा स्वभाव असा की सोडायचंच तर सगळं सोडायचं, चिमूट-चिमूट नाही. "तुमच्याकडं मागचं सगळ्यात मोठं कोणतं आहे?"

तारेत ओवलेल्या चक्रांतून त्यांनी अठ्ठेचाळीस दातांचं काढलं. डवऱ्यांना ते तेच लावतात. आमच्या भागात ओढ पाहिजे म्हटलं की मागचं मोठं करायचं, यात विचार कोण करतो? त्यांनी केला नाही, मीही केला नाही. साखळीत चार कड्या वाढवल्या. चक्राखाली लोखंडी पत्र्याचं एक झाकण होतं, ते काही बसेना.

"काढून टाका," मी म्हटलं. "कायले पाहिजे ते?"

हे मी म्हटलं. मिस्त्रींच्या नावावर घालणार नाही.

नाल्यावर मी गाडीवर सरकीची तीन पोती बांधायला लावली आणि वर मी बसले. दादा काठावर उभा होता. अंगठा दाबला, आणि गाडी अशी चढली की मध्ये कुठं श्वास घेतला नाही. वर जाऊन मी ओरडलेच, "पाह्यलं का!" दादा नाला ओलांडून आला, गाडीच्या मागं वाकून बराच वेळ पाहत राहिला. मग म्हणाला, "चांगलं हाय," आणि परत गेला. मला वाटलं, जिरली याची.

पाडवा चार दिवसांवर आला तेव्हा मी सकाळी आठला एकटी निघाले. कोणाला सांगितलं नाही. पांदण झाली, नाला झाला, चढण झाली. पळसाखालून वळले आणि समोर माझं वावर. धुऱ्यावर थांबून पाहून परत यायचं, एवढंच खरं तर ठरवलं होतं. पण थांबणं माझ्यानं होत नाही. आपलं वावर आहे तर या टोकापासून त्या टोकापर्यंत जाऊन येऊ म्हटलं, आणि घातली आत.

कापसाची पऱ्हाटी कापून नेली होती, धसकटं जमिनीत तशीच उभी होती. मूठभर उंच आणि लोखंडासारखी कडक. धसकटांची तिसरी ओळ ओलांडताना खाडकन आवाज झाला, साखळी उतरली आणि गाडी थांबली. पुढं नाही, मागं नाही.

फोनला रेंज होती. दादाचा नंबर काढलासुद्धा. मग परत कमरेला खोचून ठेवला. फोन केला असता तर तो धावत आला असता, रागावलासुद्धा नसता, आणि पाडव्याला नारळ फुटला असता.

मी खाली उतरले आणि जमिनीवर बसले. कुबडी काळ्या मातीच्या भेगांत रुतत होती, म्हणून ती बाजूला टाकली आणि लहानपणी सरकायचे तशी बसल्या बसल्या सरकत गाडीच्या मागं गेले. धसकटं मांडीला टोचत होती. ऊन चढत होतं. आडवी होऊन खाली डोकं घातलं तेव्हा दिसलं सगळं. ते अठ्ठेचाळीस दातांचं चक्र जमिनीपासून जेमतेम चार बोटं वर होतं. दोन दात वाकले होते. डवऱ्याला मोटरसायकलीचं उंच चाक असतं, त्याला केवढंही चक्र लावा, ते वरच राहतं. माझ्या गाडीची चाकं बुटकी. शिवाय खालचं झाकणही मीच मोठ्या तोऱ्यात काढायला लावलेलं. स्वतःला इतक्या शिव्या मी जन्मात घातल्या नव्हत्या.

साखळी चढवायला तास गेला. एका हातानं चाक फिरवायचं, दुसऱ्या हातानं कडी दातावर बसवायची, ती निसटायची. एक नख उलटलं. शेवटी बसली. ज्या चाकोरीनं आत आले होते त्याच चाकोरीनं गाडी मागं मागं घेतली, इंच इंच, वाकलेले दात खटखट वाजत होते. घरी पोचले तेव्हा दुपारचा एक वाजला होता आणि तांब्याभर पाणी मी उभ्यानंच प्यायले.

संध्याकाळी दादा आला. माझा हात पाहिला आणि विचारलं, "चैन उतरली का?"

 नखाला लागलं का, मशीनमध्ये गेलं का, असं काही नाही. एकदम चैन.

"तुला कसं माहीत?"

तो बाजेवर बसला. "मले त्याच दिवशी दिसलं होतं. चक्कर खाली आलं थे. धसकटायले लागन, माहीत होतं."

"मग बोलला काहून नाहीस?"

"वाटलं, एकडाव फसली की राह्यशील घरी."

माझ्या तोंडाला जे आलं ते मी बोलले. वीस वर्षांचं साचलेलं होतं, बाहेर पडायला निमित्तच हवं होतं. तुरीच्या पोत्यापर्यंत गेले मी, त्याच्या उपकारांपर्यंत गेले. त्यानं मध्ये एकदाही अडवलं नाही. मी दमले तेव्हा तो म्हणाला, "तिथं तू एकटी उलटून पडली, त कोनाले समजन? मी तिकडं पुसदले राहीन. म्या झोपाव कसं, सांग."

त्याचे डोळे भरले होते. ते पाहून माझा राग कमी झाला नाही. तो उठून गेला.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी वाकलेले दात पाहिले आणि कपाळावर हात मारला. "इचीन! डवऱ्याच्या नादात चाकाकडं पाह्यलंच नाही म्या. माफ करा ताई, शिवी गेली तोंडातून."

"मागचं सदतीस परत लावा," मी म्हटलं, "आणि ते झाकणही. आता पुढचं किती लहान होतं, ते सांगा."

त्यांनी खडूनं फरशीवर आकडे मांडले, मनाशी पुटपुटले. पुढं तेरा दात लावले तर ओढ अठ्ठेचाळीसएवढीच मिळणार होती, आणि खाली काही लोंबणार नव्हतं. "पन साखळीले लहान चक्कराभोवती जास्त वाकाव लागते. लवकर घासन. साल-दीड सालानं नवी टाका लागन."

"टाकू."

तेराचं चक्र लावून झालं तेव्हा मी येताना कॅनॉलवर एकदा गाडी उतरवून पाहिली. अंगठा दाबला. इंजिन ओरडलं खूप, गाडी आपली चालली तिच्या चालीनं. पदर खांद्यावर होता तिथंच राहिला. पट्टीच्या टोकापर्यंत जाऊन आले आणि गाडी बंद केली. भल्लं वाईट वाटलं, आणि ते अजून वाटतं.

पाडव्याला सकाळी दादा मोटरसायकलीनं नाल्यापर्यंत आणि पुढं पायी असा लवकर गेला. मी मागून एकटी निघाले. चढणीवर गाडी हळू चढली, पण चढली. धुऱ्यावर ठोक्यानं घेणारा शेजारी नारळ घेऊन उभा होता. आमच्या गावच्या बायांची टोळी जिच्या शब्दावर कामाला जाते, ती बाईही तिथं होती, कारण वर्षाच्या कामाचं बोलणं पाडव्यालाच निघतं. मी धुऱ्यावर थांबले नाही. सगळ्यांसमोर वावरात घातली गाडी. पत्र्याच्या झाकणाखाली धसकटं टकटक वाजत मागं पडत होती. पार टोकापर्यंत गेले, वळले आणि परत आले.

दादा शेजाऱ्याला म्हणाला, "हे चार एकर सोडून." एवढंच. शेजारी बरं म्हणाला, आणि नारळ पलीकडच्या धुऱ्यावर फुटला. मी खोबऱ्याचा तुकडा घेतला आणि गाडीवर बसूनच खाल्ला.

मग ती टोळीवाली बाई दादाकडं तोंड करून म्हणाली, "हे इकडलं वावर साफ कराले किती जनी आनू, दादा?"

"मले कायले इचारतं?" दादा म्हणाला आणि पळसाकडं पाहत राहिला.

ती माझ्याकडं वळली. वीस वर्षं तिचे ब्लाउज शिवते मी, तिचं माप मला तोंडपाठ आहे. पण चार एकर वावर साफ करायला किती बाया लागतात, ते मला माहीत नव्हतं. इतक्या भांडणात ते विचारायचं मला एकदाही सुचलं नव्हतं. मी दादाकडं पाहिलं. त्याला माहीत होतं. आकडा त्याच्या ओठांवर आलेला मला दिसला, आणि तो त्यानं गिळला. सांग ना रे, असं मला ओरडावंसं वाटलं. त्यानं मान वळवली नाही.

"सहा," मी म्हटलं.

"सहाच? चार एकराले?"

"सहा."

"मंग तीन दिवस लागतीन, बाई."

"लागू दे," मी म्हटलं.

आठ सांगायला हव्या होत्या. तिसऱ्या दिवशी दुपारी, डोक्यावर ऊन घेऊन वावरात उभी होते तेव्हा ते मला कळलं.